चूक कोणती, उत्पात कोणता?

(मुक्त ज्ञानकोशात लिहू लागलेल्या तरुण-तरुणींपुढे व त्यांच्या पालकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय ऐकून वडीलधाऱ्या मंडळींना किंचित नवल वाटेल. वीस वर्षे कोर्टात उभे राहिलेल्या वकिलाने जातीचे दाखले, शिष्यवृत्त्या, जमिनीचे दावे यांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती रास्तच आहे. परंतु आज मी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाविषयी बोलणार आहे. त्यातही एका लहानशा दिसणाऱ्या प्रश्नाविषयी. त्या कोशात कोणी चुकीचे लिहिले, तर ते भाबडेपणाने झाले की मुद्दाम नासधूस करण्यासाठी केले, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या घरातील जी मुलगी पहिल्याने कॉलेजात जाते, ती बाबासाहेबांचे चरित्र, आपल्या गावाची माहिती, एखाद्या पाली शब्दाचा अर्थ, हे सारे प्रथम तेथेच पाहते. तेथे चुकीचे काही दिसले की तिचा हात साहजिकच दुरुस्तीकडे जातो. ज्या समाजाविषयी शतकानुशतके इतरांनीच लिहिले, त्या समाजाच्या मुलीने स्वतः लेखणी हाती घ्यावी, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र ही लेखणी हाती येताच तिच्याबरोबर एक सत्ताही हाती येते. दुसऱ्याने लिहिलेले पुसून टाकण्याची ती सत्ता आहे. ती कशी वापरावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा कोश चालतो कसा

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. त्यात पगारी संपादक नाहीत. वाचणारा कोणीही लिहू शकतो आणि लिहिलेले बदलू शकतो. प्रत्येक पानाला एक ‘इतिहास’ जोडलेला असतो. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला किंवा काढला, याची नोंद तेथे राहते आणि जुन्या प्रती जपलेल्या असतात. त्यामुळे एखाद्याने केलेला बदल एका कळीसरशी उलटविता येतो. प्रत्येक लेखाला एक चर्चा पान असते, प्रत्येक सदस्यालाही असते. तेथे एकमेकांशी बोलावयाचे. सराव करण्यासाठी ‘धूळपाटी’ आहे, सर्वांनी मिळून विचारविनिमय करण्यासाठी ‘चावडी’ आहे. वारंवार त्रास देणाऱ्याला रोखण्याचा अधिकार ‘प्रचालक’ म्हणून निवडलेल्या सदस्यांना आहे.

मुद्दाम केलेल्या नासधुशीला मराठी विकिपीडियावर ‘उत्पात’ म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. पण समर्पक शब्द हाती आला की माणसाला तो जेथे-तेथे वापरावासा वाटतो. तो मोह मलाही झाला होता. ती गोष्ट प्रथम सांगतो.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी मी सायंकाळी तास-अर्धा तास ‘अलीकडील बदल’ तपासत बसत असे. एके दिवशी एका गावावरील लेखातून कोणी नव्या सदस्याने मोठा परिच्छेद काढून टाकल्याचे दिसले. कारण लिहिण्याची जागा कोरी होती. पुष्कळ मजकूर कमी झाला की यादीत ऋण चिन्हासह लाल आकडा ठळक दिसतो. तो पाहिला आणि मी बदल उलटविला. थोड्या वेळाने त्याच सदस्याने तोच परिच्छेद पुन्हा काढला. मी पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी मी त्या सदस्याच्या चर्चा पानावर कडक शब्दांत लिहिले की, हा उत्पात थांबवा, अन्यथा आपणांस लिहिण्यास बंदी करण्याची शिफारस करण्यात येईल. पलीकडून उत्तर आले नाही. परिच्छेदही पुन्हा निघाला नाही. कोशाचे रक्षण केल्याचे समाधान मानून मी झोपी गेलो.

मी तेथे स्वतःच्या नावाने लिहितो. पुढे काही महिन्यांनी एका कार्यक्रमानिमित्त त्याच तालुक्यात गेलो असता, कार्यक्रम संपल्यावर बारावीत शिकणारी एक मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती म्हणाली, “वकीलसाहेब, तो मजकूर मी काढला होता.” मी कोणता मजकूर म्हणून विचारले. तिने सांगितले. त्या परिच्छेदात तिच्या आजोबांच्या पिढीने केलेल्या वतनी कामाचे वर्णन होते, आणि ते शिवीसारख्या शब्दांत होते. त्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार दिलेला नव्हता. मी विचारले, “मग कारण का नाही लिहिलेस, बाळ?” ती म्हणाली, “कारण कुठं लिहायचं असतं तेच मला माहीत नव्हतं. आणि तुम्ही बंदीचं लिहिलंत, मग मी भ्याले.”

घरी येऊन मी तो परिच्छेद प्रथमच वाचला. होय, प्रथमच. त्या दिवशी मी मजकूर वाचला नव्हता, केवळ आकडा वाचला होता. कोशाचाच नियम आहे की आधार नसलेल्या मजकुराला कोणीही हरकत घेऊ शकतो आणि तो काढू शकतो. म्हणजे त्या मुलीची रीत चुकली होती, पण म्हणणे बरोबर होते. मी, ज्याने बुद्धाला शरण जाऊन जन्माचा शिक्का नाकारला, त्या मीच एका निराधार अपमानाचा तीनदा बचाव केला आणि त्याला हरकत घेणाऱ्या मुलीवर उत्पाती म्हणून शिक्का मारला. मी तो परिच्छेद काढला, तिची क्षमा मागितली, पुन्हा लिहिण्याची विनंती केली. “आता नको वाटतं,” एवढेच ती म्हणाली.

कायद्यातील दोन व्याख्या

या प्रसंगानंतर मी या प्रश्नाचा वकिलाच्या रीतीने विचार केला. आपल्या कायद्यात सद्भाव या एकाच शब्दाच्या दोन व्याख्या आहेत. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतो की, जी गोष्ट प्रामाणिकपणे केली ती सद्भावाने केली असे समजावे. मग ती करताना हयगय झालेली असो वा नसो. उलट १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ५२ म्हणत असे की, योग्य ती काळजी व सावधगिरी न घेता केलेली गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, पण तिच्या दुसऱ्या कलमातही ही व्याख्या तशीच राहिली आहे. एक व्याख्या विचारते की मन स्वच्छ होते का. दुसरी त्याखेरीज असेही विचारते की काळजी घेतली होती का.

विकिपीडियाने नवागतासाठी पहिली व्याख्या पत्करली आहे. ‘सद्भाव गृहीत धरा’ हे तेथील जुने मार्गदर्शक तत्त्व होय. लिहिणारा निष्काळजी असेल, अडाणी असेल, हट्टीसुद्धा असेल. तरी तो कोशाचे भले करावयास आला आहे असे आरंभी मानावे. विरुद्ध पुरावा समोर येईपर्यंतच हे गृहीत टिकते, हे खरे. पण पुरावा आणण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आहे. उत्पाताची तेथील व्याख्याही हेतूवर आधारलेली आहे: कोशाच्या उद्देशालाच अडथळा आणावा किंवा तो हाणून पाडावा, अशा इराद्याने केलेला बदल म्हणजे उत्पात. कोश सुधारण्याचा प्रामाणिक प्रयत्न कितीही चुकलेला असला, तरी तो उत्पात ठरत नाही. आपल्या फौजदारी कायद्यातील आगळिकीच्या गुन्ह्यातही हेच तत्त्व आहे. नुकसान झाले एवढ्याने तो गुन्हा शाबीत होत नाही. नुकसान करण्याचा इरादा, किंवा आपल्या हातून ते होईल याची जाणीव, सिद्ध व्हावी लागते. आपल्या धम्मातही कर्माचा विचार करताना चेतनेला, म्हणजे त्यामागील इराद्याला, प्रधान स्थान दिले आहे, हे आपण जाणताच.

येथे दोन प्रश्न स्वच्छ वेगळे करावयास हवेत. मजकूर बरोबर आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचा निकाल ग्रंथाधाराने लागतो आणि तो लावण्यासाठी लिहिणाऱ्याचे मन तपासण्याची गरज नसते. लिहिणाऱ्याचा हेतू काय होता, हा दुसरा प्रश्न. तो केवळ त्या माणसाशी कसे वागावे हे ठरविताना उपयोगी पडतो. चुकीचा मजकूर तत्काळ दुरुस्त करावा. माणसाविषयी निर्णय सावकाश घ्यावा. बहुतेक भांडणे हे दोन प्रश्न एकत्र केल्याने होतात.

ओळखावे कसे

आता प्रत्यक्ष खुणांकडे येऊ. पहिली खूण बदलातच दिसते. शिवीगाळ, अश्लील शब्द, जिवंत माणसाच्या मृत्यूची खोटी बातमी, लेखाच्या जागी थट्टेची ओळ, हे पाहून फारसा विचार करावा लागत नाही. तरीही जपून. कोणी लेखाच्या मध्येच दोन-चार निरर्थक अक्षरे टंकली असतील, तर बहुधा तो पहिल्यानेच आलेला माणूस असतो. आपण लिहिलेले खरोखरच उमटते का हे तो पाहत असतो. त्याला धूळपाटी दाखवावी. कोणाच्या हातून मोबाईलवर अर्धे पान पुसले गेले असेल. अशी चूक एकदा घडली तर ती चूकच समजावी.

दुसरी खूण मला सर्वांत उपयोगी वाटते. अशा बदलापाशी थांबून स्वतःला विचारावे की, प्रामाणिक माणूस या चुकीपर्यंत कोणत्या वाटेने आला असेल? असे समजा की, बाबासाहेबांच्या जन्मस्थानी ‘महू’ हा शब्द काढून कोणी ‘आंबडवे’ असा शब्द घातला. बदल चुकीचा आहे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पण वाट स्पष्ट दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव आहे. लिहिणाऱ्याने घरी ‘बाबासाहेबांचं गाव’ म्हणून तेच नाव ऐकले असणार. दुसरे उदाहरण घ्या. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाचे प्रकाशनवर्ष १९५७ हे खोडून कोणी १९५६ केले. त्याचा विचार असा की, ग्रंथकर्त्याचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले, मग ग्रंथ नंतरच्या वर्षी कसा निघेल? हा मनुष्य विचार करणारा आहे. ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध झाला, एवढीच गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नाही. अशा माणसाला उत्पाती म्हणणे म्हणजे उद्याचा चांगला लेखक आज हाकलून देणे होय.

आता असे समजा की, कोणी १८९१ चे १८८१ केले. येथे वाट दिसत नाही. तरीही बोट चुकून शेजारच्या आकड्यावर पडले असेल. म्हणून तिसऱ्या खुणेकडे वळावे. ती म्हणजे त्या लेखकाचे इतर काम. त्याच्या नावावर कळ दाबली की त्याने आजवर केलेले सारे बदल एका यादीत दिसतात. त्याने तासाभरात दहा निरनिराळ्या थोर व्यक्तींच्या जन्मवर्षांत एकेक आकडा फिरविला असेल आणि एकदाही आधार दिला नसेल, तर तो चोरपावलांचा उत्पात होय. तो शिवीगाळीपेक्षा अधिक घातक असतो, कारण शिवी पहिल्याच वाचकाच्या डोळ्यांत खुपते, परंतु चुकीचा आकडा परीक्षेच्या पेपरापर्यंत सुखरूप पोहोचतो.

चौथी खूण निर्णायक आहे. सांगितल्यावर तो काय करतो? चूक करणारा माणूस समजावल्यावर थांबतो, विचारतो, वाद घालतो, कधी रागावतो; पण त्याला काहीतरी म्हणावयाचे असते. उत्पात करणाऱ्याला म्हणावयाचे काहीच नसते. तो तेच पुन्हा करतो किंवा शिवी देऊन निघून जातो. मात्र आपण ज्याला काही सांगितलेच नाही, त्याची ही परीक्षा घेता येत नाही. दुसऱ्या बाजूस ऐकून घेतल्याखेरीज निकाल देऊ नये, हे न्यायाचे तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते. माझ्या प्रकरणात मी धमकी दिली होती. प्रश्न विचारला नव्हता.

याखेरीज काही गोष्टी आपल्याला संताप आणतात, पण त्या उत्पात नव्हेत, हेही ध्यानी घ्यावे. कोणी एकांगी लिहिले, आपल्याला मान्य नसलेले मत मांडले, दुसऱ्या पुस्तकातून उतारा जशाचा तसा उचलून घातला, किंवा आपल्या म्हणण्याविरुद्ध पुनःपुन्हा हट्ट धरला, तर त्यांपैकी प्रत्येक दोषाला कोशाचा वेगळा नियम आणि वेगळा उपाय आहे. विरोधी मताला उत्पात म्हणणे ही वादातील पळवाट आहे.

दोन प्रकरणे

परदेशातील दोन प्रकरणे पाहिली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होईल.

जॉन सायगेंथालर हे अमेरिकेतील नामांकित पत्रकार. १९६१ साली अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीय व गोरे तरुण एकत्र बसप्रवास करून वर्णभेदाला आव्हान देत होते, तेव्हा त्यांतील मुलींना जमावापासून वाचविताना सायगेंथालर यांनाच बेशुद्ध पडेपर्यंत मारहाण झाली होती. ते रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते. केनेडींच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी एक होते. मे २००५ मध्ये कोणी अज्ञात माणसाने विकिपीडियावर त्यांच्या नावाने एक लेख रचला आणि केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे त्यात लिहिले. चार महिने तो मजकूर तसाच राहिला. पुढे त्या माणसाने कबूल केले की, एका सहकाऱ्याची गंमत करण्यासाठी आपण हे लिहिले. गंमत असली तरी तो सद्भाव नव्हे, कारण लिहिलेले खोटे आहे हे त्याला ठाऊक होते. हा उत्पातच. त्या प्रकरणानंतर डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्या लोकांना नवे लेख सुरू करण्यास मनाई केली. सायगेंथालर यांनी त्या माणसावर दावा लावला नाही. त्याला नोकरी सोडावी लागली तेव्हा ती त्याला परत मिळावी, असे त्यांनी मालकाला कळविले. ज्या खोट्या मजकुराविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर आवाज उठविला, तो लिहिणाऱ्या माणसाचा संसार मात्र त्यांनी मोडू दिला नाही.

दुसरे प्रकरण याच्या अगदी उलट आहे. स्कॉट्स ही स्कॉटलंडमधील भाषा, इंग्रजीची भगिनी. तिचाही स्वतंत्र विकिपीडिया आहे. ऑगस्ट २०२० मध्ये असे उघडकीस आले की, त्यातील वीस हजारांहून अधिक लेख एकाच अमेरिकन तरुणाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा येत नव्हती. तो बारा वर्षांचा असताना या कामाला लागला. इंग्रजी वाक्य घ्यावयाचे आणि त्यातील शब्द शब्दकोश पाहून बदलावयाचे, अशी त्याची रीत. वर्षानुवर्षे तो खपला, आणि आपण एका दुर्लक्षित भाषेची सेवा करीत आहोत असे त्याला मनापासून वाटत होते. नुकसानीच्या मापाने पाहिले तर सायगेंथालर प्रकरणाहून हे कितीतरी मोठे. वाचकांनी त्याच्यावर शिव्यांचा भडिमार केला. परंतु हेतूच्या मापाने हा उत्पात नव्हता. शिव्यांनी एकही वाक्य शुद्ध झाले नाही; ते शुद्ध करण्यासाठी भाषेचे जाणकार एकत्र जमून कामाला लागले, तेव्हा दुरुस्ती सुरू झाली.

या दुसऱ्या प्रकरणातून आपण एक कडू गोष्टही शिकली पाहिजे. सद्भाव माणसाला दोषातून मुक्त करतो, मजकुराला नाही. प्रेमाने लिहिलेले चुकीचे वाक्य चुकीचेच राहते. एका बारा वर्षांच्या मुलाला पहिल्याच वर्षी कोणी जाणकाराने हात धरून सांगितले असते, तर हजारो पाने वाचली असती आणि एक मुलगाही वाचला असता.

यंत्रे आणि हाकलले गेलेले लोक

आजकाल या पाहाऱ्याचे पुष्कळसे काम यंत्रे करतात. इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून ‘क्लूबॉट एनजी’ नावाची संगणक-प्रणाली उघड उत्पात काही क्षणांत उलटविते. २०१५ साली विकिमीडिया संस्थेने ‘ओरेस’ नावाची दुसरी प्रणाली आणली. तिची रचना विचार करण्याजोगी होती. ती प्रत्येक बदलाविषयी दोन वेगवेगळे अंदाज देत असे: हा बदल हानिकारक आहे का, आणि हा बदल सद्भावाने केला आहे का? माणसांनी हजारो बदल वाचून दिलेल्या उत्तरांवरून यंत्राला हा भेद शिकविला होता. म्हणजे यंत्रापुढेही हे दोन प्रश्न वेगळेच ठेवावे लागले. एकच बदल हानिकारकही असू शकतो आणि सद्भावाचाही असू शकतो.

हे करण्याची पाळी का आली? इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ पर्यंत वाढत गेली आणि नंतर घसरू लागली. एरन हाफेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या घसरणीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. उत्पात रोखण्यासाठी उभारलेल्या कडक व्यवस्थेत आणि यांत्रिक साधनांत भले करू इच्छिणारे नवागतही भरडले जात होते; त्यांचे पहिलेच बदल उलटविले जात आणि ते पुन्हा येत नसत, असे त्यात दाखविले आहे. तो अभ्यास वाचताना मला बारावीतील ती मुलगी आठवली.

मग करावयाचे काय?

चुकीचा बदल दिसला की प्रथम तो संपूर्ण वाचा. आकडा किंवा रंग पाहून निर्णय करू नका. उलटविणे आवश्यक असेल तर उलटवा, पण बदलाच्या ‘आढाव्या’त कारण लिहा: ‘जन्मस्थान महू, मूळ गाव आंबडवे, ते पुढे नमूद आहे.’ एवढ्या एका ओळीने समोरचा शिकतो. मग त्याच्या चर्चा पानावर जाऊन ‘आपण’ म्हणून दोन ओळी लिहा. काय चुकले आणि योग्य जागा कोणती, ते सांगा. वाक्यात तथ्य असण्याचा संभव असेल तर ते पुसण्याऐवजी ‘संदर्भ हवा’ अशी खूण ठेवा. इंग्रजी विकिपीडियावर सूचनांच्या चार पायऱ्या आहेत. पहिली सद्भाव धरून समजावते, चौथी शेवटचा इशारा देते. मी पहिली पायरी सोडून एकदम शेवटच्या पायरीवर उभा राहिलो होतो.

आणि खरोखरच उत्पात असेल तर? कोणी आपल्या महामानवांच्या पानावर, आपल्या वस्तीच्या पानावर जाणूनबुजून घाण टाकली तर? तर सौम्यतेच्या नावाखाली गप्प बसू नका. बदल तत्काळ उलटवा, इशारा द्या, आणि तो थांबत नसेल तर पुराव्यासह प्रचालकांना कळवा. प्रत्येक बदलाची नोंद इतिहासात आहे. तोच आपला कागदोपत्री पुरावा. ज्या पानांवर वारंवार हल्ले होतात, ती पाने नवख्यांच्या थेट संपादनापासून सुरक्षित करण्याची सोय आहे, ती मागा. पण उलट शिवी देऊ नका आणि लांब वाद घालू नका. उत्पात करणाऱ्याला आपला संतापच हवा असतो. तो त्याला मिळू देऊ नये.

आता थोडे आपल्याच घराविषयी. आपलाही सद्भाव चुकतो. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्यांची संख्या निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळी दिलेली आढळते. एखादा तरुण येतो, आजोबांनी सांगितलेला आकडा घालतो आणि तो कोणी काढला की म्हणतो, ‘माझे आजोबा तेथे उभे होते!’ त्याच्या आजोबांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. परंतु या कोशात प्रसिद्ध झालेल्या, तपासता येणाऱ्या आधाराखेरीज काही घालता येत नाही. हा नियम आपल्याविरुद्ध केलेला नाही. माझ्या गोष्टीतील त्या निराधार परिच्छेदापासून आपले रक्षण तोच करतो. आजोबांची आठवण मोलाची वाटते ना? मग ती लिहून घ्या, नियतकालिकात छापा, पुस्तक काढा. कोश त्यानंतरची पायरी आहे. आणि आपले म्हणणे कितीही खरे असले तरी तेच ते पुनःपुन्हा घालीत बसू नका. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटविणाऱ्याला रोखले जाऊ शकते, आणि आपली बाजू खरी होती, एवढी सबब त्याला पुरत नाही. खऱ्या बाजूनेही चर्चा पानावर येऊन बोलले पाहिजे.

बंधूंनो आणि भगिनींनो, शिक्का म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माणूस काय करतो, का करतो, याची चौकशी न करता त्याला आधीच एक नाव देऊन टाकणे, याखाली आपल्या पिढ्या दबल्या. ज्यांनी तो शिक्का स्वतःच्या अंगावरून पुसला, त्यांनी दुसऱ्या कोणावर, मग तो कोणत्याही जातीचा वा पक्षाचा असो, चौकशीवाचून शिक्का मारू नये. मजकुराविषयी कठोर राहा. माणसाविषयी पुरावा मिळेपर्यंत थांबा.

आणि येथे बसलेल्या मुलामुलींना एक सांगतो. उद्या तुमचे पहिले वाक्य कोणी पुसले तर लगेच उठून जाऊ नका. ‘का पुसले?’ असे विचारा. विचारण्याची जागा आहे. त्या मुलीला ती कोणी दाखविली नव्हती. तुम्हांला आज मी दाखविली आहे. सभा संपल्यावर ज्यांना लिहावयाचे आहे त्यांनी मोबाईल घेऊन माझ्याजवळ यावे. धूळपाटी कोठे असते आणि कारण कोठे लिहावयाचे, तेथून आपण आरंभ करू.

जयभीम!